विमानातली निळी मूठ सरकते – जाणकारांनी प्रकाश टाकावा

उडता_सातारकर

नमस्कार मंडळी. प्रश्न विमानाचा आहे, पण इथे पिठाच्या गिरणीच्या पट्ट्यापासून बुलेटच्या क्लचपर्यंत सगळ्यावर उत्तरं मिळालेली पाहिली आहेत, म्हणून धीर करतो.

मी मिशिगनमध्ये असतो. आम्ही चौघांनी भागीदारीत एक जुनं सेस्ना १८२ घेतलंय, १९६९ चं मॉडेल. इंजिन काँटिनेंटल ओ-४७०-आर, २३० अश्वशक्तीचं, टॅकोमीटरवरची (इंजिनाचे मिनिटाला किती फेरे ते दाखवणाऱ्या काट्यावरची) लाल रेघ, म्हणजे कमाल मर्यादा, २६०० आरपीएमला. पंखा मकॉलेचा, दोन पात्यांचा, कॉन्स्टंट स्पीड. पॅनेलवर तीन मुठी: काळी थ्रॉटलची, निळी प्रॉपची म्हणजे पंख्याची, लाल मिक्स्चरची म्हणजे पेट्रोल-हवेच्या मिश्रणाची. निळी मूठ व्हर्नियर जातीची आहे. मध्ये बटण असतं. ते दाबलं की मूठ सरळ आत-बाहेर होते, आणि बटण सोडून फिरवली की स्क्रूसारखी हळूहळू सरकते.

दुखणं असं: चढताना २४५० ठेवतो, तिथे काटा जागचा हलत नाही. वर जाऊन समतल झालो की मॅनिफोल्ड (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब) २३ इंच आणि २३०० आरपीएम. दहा मिनिटांनी बघावं तर काटा २३८० वर. मूठ फिरवून परत २३०० करायचं, पुन्हा दहा मिनिटांनी तेच. मागच्या रविवारी दोन तासांच्या उड्डाणात मी हे नऊ वेळा केलं.

भागीदारांपैकी एकजण म्हणतो गव्हर्नर गेलाय, काढून ओव्हरहॉलला पाठवू. दुसरा म्हणतो विमान पन्नाशी ओलांडलेलं आहे, एवढं चालायचंच. तिसरा कुठल्याच निरोपाला उत्तर देत नाही, तो फक्त उडवतो. मला वाटतं मूठच सरकते. कुणी हे निस्तरलंय का? आणि यातलं स्वतःच्या हाताने किती करता येईल?

बाळबोध

मी आयुष्यात विमानाच्या खिडकीपलीकडे गेलेलो नाही, तरी विचारतो. गाडीला ॲक्सिलरेटर एकच असतो. इथे काळी मूठ असताना वेगळी निळी कशाला? पंखा इंजिनालाच जोडलेला ना?

भिंगरी

बाळबोध, चांगला प्रश्न. आधी तुमचं उत्तर, मग सातारकरांकडे वळतो.

खंबाटकी चढताना यष्टीचा ड्रायव्हर गियर उतरवतो, सपाटीला वरचा टाकतो. पंख्यालाही तसंच लागतं. उड्डाणाच्या वेळी पात्यांनी हवा थोडी थोडी कापावी, म्हणजे इंजिन जोरात फिरून पूर्ण ताकद देतं. वर समतल उडताना प्रत्येक फेरीत हवेचा मोठा घास घ्यावा, म्हणजे इंजिन कमी फिरूनही वेग राहतो. त्यासाठी पाती स्वतःभोवती वळवावी लागतात, त्यांचा कोन बदलावा लागतो.

ते काम गव्हर्नर करतो. त्याच्या पोटात दोन छोटी वजनं इंजिनाबरोबर गरगर फिरतात. वेग वाढला की गोफणीसारखी बाहेर फाकतात, कमी झाला की मिटतात. त्यांच्या विरुद्ध एक स्प्रिंग बसलेली असते. वजनं फाकली की एक झडप उचलली जाते, इंजिनाचं तेल गव्हर्नरच्या पंपातून आणखी दाबाने पंख्याच्या डोक्यात जातं, तिथला पिस्टन सरकतो आणि पाती जाड कोनावर, म्हणजे मोठा घास घेणाऱ्या कोनावर येतात. इंजिनावर ओझं पडतं, फेरे कमी होतात. वजनं मिटली की उलट.

आता निळी मूठ. ती पात्यांना हातही लावत नाही. ती फक्त त्या स्प्रिंगवरचा ताण कमीजास्त करते. "२३०० वर राहा" असा हुकूम सोडते म्हणा. हुकूम बजावणारा गव्हर्नर.

सातारकर, म्हणून तुमच्या प्रश्नाची फोड अशी: हुकूम बदलतोय, की हुकूम तोच असून बजावणारा चुकतोय? हे ठरल्याशिवाय कुठलाही पाना हातात घेऊ नका. मी हवाई दलात एचपीटी-३२ दीपकवर काम केलंय. लायकॉमिंगचं २६० अश्वशक्तीचं इंजिन, हार्टझेलचा पंखा. आमचे वॉरंट ऑफिसर म्हणायचे, आधी डोळे, मग हात, शेवटी पाना.

उडता_सातारकर

काका, हुकूम बदलतोय की नाही हे कसं कळणार? मूठ पॅनेलमध्ये आहे, सरकत असली तरी किती, दोन-चार मिलिमीटर!

रेंचवाली

बायकोची नेलपॉलिश घ्या.

मस्करी नाही. मी टेक्सासमध्ये ए अँड पी (विमानाचा सांगाडा आणि इंजिन दोन्हींची परवानाधारक) मेकॅनिक आहे, पंधरा वर्षं हेच करते. पुढच्या उड्डाणात २३०० लावून झालं की सोबतच्या माणसाला मुठीच्या दांड्यावर, पॅनेलला अगदी लागून, नेलपॉलिशची बारीक रेघ मारायला सांगा. मुठीच्या कडेवरही एक ठिपका, घड्याळात बारा वाजतात त्या जागी. मग हात लावू नका. आरपीएम चढला की बघा:

रेघ पॅनेलच्या आत गेली आणि ठिपका बारावरच आहे, तर मूठ न फिरता सरकली. म्हणजे आतली पकड दोऱ्यावरून उडी मारतेय. दोष व्हर्नियरचा.

रेघ आत गेली आणि ठिपकाही फिरला, तर कंपनाने मूठ आपोआप फिरतेय. हे कमी दिसतं, पण दिसतं.

रेघ, ठिपका दोन्ही जागच्या जागी आणि आरपीएम तरी वाढला, तर मूठ निर्दोष. मग केबलच्या वाटेवर शोधायचं. केबलचं बाहेरचं आवरण जिथे क्लॅम्पने धरलेलं असतं तिथला रबर वाळून तडकला की आवरणच मागेपुढे होतं. मूठ हलत नाही, टोक हलतं. तेही ठीक निघालं तर गव्हर्नर, तेल, टॅकोमीटर.

आणखी एक. काटा एकाच दिशेला हळूहळू सरकतो की वर-खाली, वर-खाली झुलतो? झुलत असेल तर गोष्ट निराळी. तिथे गव्हर्नरमधला गाळ किंवा तेलातली हवा असा संशय घ्यायचा.

उडता_सातारकर

झुलत नाही. एकाच दिशेने, वरच. नेलपॉलिश मिळाली, "परत आणून दे" या अटीवर. शनिवारी हवा बरी असेल तर उडतो.

शंकेखोर

काटा वरच का चढतो? घसरणारी वस्तू दोन्हीकडे घसरायला हवी. कधी वर, कधी खाली.

भिंगरी

शंकेखोर, नावाला जागलात. बऱ्याच गव्हर्नरच्या दांडीला एक स्प्रिंग असते, ती दांडीला कायम जास्त आरपीएमकडे ओढत असते. मुद्दाम ठेवलेली. उद्या केबल तुटली तर पंखा बारीक कोनावर येऊन इंजिनाला पूर्ण ताकद देता यावी, उड्डाणात तुमचा घात होऊ नये. ही ओढ केबलमार्गे मुठीपर्यंत पोचते. मुठीची पकड झिजली की ओढ जिंकते आणि मूठ आत जाते. आत म्हणजे जास्त आरपीएम.

पण म्हणूनच गव्हर्नरला सरसकट निर्दोष धरता येत नाही. एकच इंजिन असलेल्या या विमानाच्या मकॉले पंख्यात तेलाचा दाब पात्यांना जाड कोनाकडे नेतो. दाब कुठे गळाला तर पाती बारीक कोनाकडे येतात, म्हणजे तिथेही आरपीएम वरच जातो. लक्षण एकच, रोग दोन. नेलपॉलिशशिवाय सुटका नाही.

डॅलसचा_दादा

एवढा घोळ कशाला? माझ्या मित्राच्या बोनान्झा विमानाला हेच व्हायचं. मुठीच्या दांड्यावर पॅनेलजवळ कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा लावायचा. मूठ आत जाणारच नाही. खर्च शून्य. चार वर्षं उडतोय.

रेंचवाली

दादा, चिमटा मीही पाहिलाय. पाहिला की माझ्या पोटात गोळा येतो.

उतरण्याआधी आपण निळी मूठ पूर्ण आत का ढकलतो? ऐनवेळी धावपट्टीवर हरीण आलं आणि परत वर जायचं झालं तर इंजिनाला पूर्ण फेरे मिळावेत म्हणून. चिमटा लावलेला असताना तुम्ही थ्रॉटल पूर्ण दिलं, तरी पंखा २३०० च्या हुकमावरच बांधलेला. २६०० ची ताकद हवी तिथे २३०० ची मिळते, आणि समोर झाडं. बरं, मूठ ढकलताना चिमटा तिरका होऊन अडकतो, ते वेगळंच.

उलट, मूठ सरकत सरकत पूर्ण आत गेली तर काय होतं? आरपीएम २६०० पर्यंत चढेल, आणि गव्हर्नरवरच्या स्क्रूने तिथेच थांबेल. आवाज होईल, पेट्रोल जाईल, पण कुणी मरणार नाही. म्हणजे चिमटा कमी धोक्याच्या दुखण्यावर जास्त धोक्याचं औषध आहे.

डॅलसचा_दादा

मुद्दा मान्य. मित्राला हा धागा पाठवतो. तो मानेल असं नाही.

माझं स्वतःचं विमान पायपर ॲरो आहे, तिला मुठी नाहीत, लिव्हर आहेत. तिन्ही लिव्हर एकाच चौकटीत आणि उजवीकडे एक गोल नॉब, तो आवळला की तिन्ही घट्ट होतात. तोही हल्ली धरत नाही, थ्रॉटल आपोआप मागे येतो. ते याच धाग्यात विचारू की वेगळा काढू?

रेंचवाली

इथेच विचारा, उत्तर छोटं आहे. नॉब आवळल्यावर आतल्या चकत्या लिव्हरवर दाबल्या जातात, घर्षणाने धरतात. त्या झिजतात किंवा त्यांच्यावर तेल जातं. तेल गेलं असेल तर चौकट उघडून पुसून कोरडं करायचं. झिजल्या असतील तर नव्या टाकायच्या. नॉबच मान मोडेपर्यंत आवळत बसू नका, दोरे जातील.

सातारकर, त्यावरून आठवलं: तुमच्या निळ्या मुठीत कुणी कधी स्प्रे मारला होता का?

उडता_सातारकर

ताई, तुम्हाला कसं कळलं? दोन वर्षांपूर्वी थंडीत मूठ जड चालायची म्हणून आमच्यापैकी एकाने (तोच तो, निरोपांना उत्तर न देणारा) बटणाच्या फटीत नळी घालून स्प्रे मारला होता. तेव्हा लोण्यासारखी चालायला लागली होती आणि त्याने स्वतःची पाठ थोपटून घेतली होती.

रेंचवाली

कसं कळलं म्हणजे, दर तिसऱ्या मुठीत हेच निघतं. गंज सोडवायचा पातळ स्प्रे आत गेला की आधीचं ग्रीस धुऊन नेतो, मग उडून जातो आणि मागे धूळ धरणारा चिकटा राहतो. जिथे पकड हवी तिथे निसरडं, जिथे निसरडं हवं तिथे चिकट.

बाळबोध

शिवणयंत्रात खोबरेल घातल्यासारखं. आमच्या आजीच्या मशीनचं हेच झालं होतं. वाखूसा (वाचनखूण साठवली).

उडता_सातारकर

मंडळी, अहवाल.

शनिवारी साडेतीन हजार फुटांवर, हवा शांत. २४५० ला चढलो, रेघ मारली, हलली नाही. २३०० लावलं, दुसरी रेघ. बारा मिनिटांत काटा २३७०. रेघ पॅनेलच्या आत गेली होती, साधारण गव्हाच्या दाण्याएवढी. ठिपका अगदी बारावर. म्हणजे मूठ फिरली नाही, सरकली.

मग आणखी एक उद्योग केला. २२०० ला लावून पाहिली, पंधरा मिनिटं. हलली नाही! परत २३०० ला आणली, दहा मिनिटांत सरकली. सरकायचं ते फक्त २३०० च्या आसपासच. हे काय गौडबंगाल आहे?

एवढुशा सरकण्याने ७० फेरे वाढतात याचंही आश्चर्य वाटलं.

भिंगरी

त्याचं आश्चर्य नको. मुठीचा सगळा प्रवास दोन-अडीच इंचांचा, आणि त्यात खालपासून वरपर्यंतचे सगळे फेरे बसवायचे. म्हणून तर व्हर्नियर देतात, बारीक फिरवता यावं म्हणून.

फक्त २३०० लाच का, याचा तर्क मनात आहे. पण जुनी मूठ बाहेर आली की बोलू.

शंकेखोर

तर्क आत्ताच सांगा की. मागाहून "मी म्हणालोच होतो" म्हणणारे खूप असतात.

भिंगरी

बरं. १९६९ पासून या विमानात बसलेला प्रत्येक पायलट समतल झाल्यावर कितीवर मूठ ठेवत आला असेल? माझं म्हणणं आहे २३०० वर. दोरे तिथेच झिजले असणार.

उडता_सातारकर

आता दुसरा प्रश्न. नवी व्हर्नियर केबल मागवावी लागणार हे दिसतंय. मी स्वतः बसवू शकतो का?

रेंचवाली

कायद्याने एकट्याने नाही. एफएएच्या (अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाच्या) नियमांच्या भाग ४३ च्या परिशिष्ट अ मध्ये मालक-पायलटने स्वतः करायच्या कामांची यादी आहे: तेल बदलणं, टायर, स्पार्क प्लग वगैरे. इंजिनाची कंट्रोल केबल बदलणं त्यात नाही. पण परवानाधारक मेकॅनिक जातीने हजर राहून लक्ष ठेवत असेल, तर त्याच्या देखरेखीखाली तुम्ही हाताने सगळं करू शकता. सही त्याची, घाम तुमचा. बहुतेक मेकॅनिक खूश होतात, कारण पॅनेलखाली उताणं पडायला कुणालाच आवडत नाही.

केबल मागवताना विमानाचा सीरियल नंबर सांगा, नुसतं "१८२" म्हणू नका. वर्षावर्षाला लांबी बदलते. आणि एफएएने मान्यता दिलेलाच भाग घ्या, लिलावाच्या साइटवरची जुनी "चांगल्या स्थितीतली" नको. तीही कुणीतरी २३०० वरच उडवली असणार.

भिंगरी

भारतात हा प्रश्नच येत नाही. पायलटने पाना उचलला तर ओरडा बसतो. सही डीजीसीएच्या (आपल्या विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) परवान्याचा एएमई, म्हणजे विमान देखभाल अभियंताच करणार, आणि पिस्टन इंजिनाच्या विमानांचा त्याचा वर्गही ठरलेला, बी१.२.

जुनी काढण्याआधी एक करा. काऊलिंग (इंजिनावरचं झाकण) उघडं असताना एकाने आत बसून मूठ पूर्ण आत ढकलायची, दुसऱ्याने गव्हर्नरपाशी बघायचं, दांडी थांब्याच्या स्क्रूला टेकते का. सातारकर, उड्डाणाच्या वेळी तुमचा टॅकोमीटर किती दाखवतो?

उडता_सातारकर

२५४०. पण तो टॅको जुना, यांत्रिक. विमान घेतल्यापासून आम्ही सगळे म्हणतो की तो साठने कमी दाखवतो.

भिंगरी

कुणी मोजलंय?

उडता_सातारकर

...नाही.

भिंगरी

ऑप्टिकल टॅको कुणाकडून तरी मागून आणा. जमिनीवर १७०० आणि २००० ला दोन्ही ताडून बघा. आणि दांडी टेकते का ते नक्की बघा. मी थांबतो.

उडता_सातारकर

काका, तुमच्या पायाचे फोटो पाठवा, नमस्कार करतो.

ऑप्टिकल टॅकोने मोजलं. आमचा बिचारा टॅको दोन्ही ठिकाणी दहा-पंधराच्या आत बरोबर निघाला. मग काऊलिंग उघडलं, मी आत बसून मूठ पॅनेलला टेकेपर्यंत ढकलली आणि मेकॅनिक बाहेरून ओरडला, "पूर्ण ढकल!" मी म्हटलं, पूर्णच आहे. तो म्हणाला, दांडी थांब्याला टेकलेलीच नाही. मी उतरून बघितलं. दांडी आणि स्क्रूच्या मध्ये फट होती, रुपयाचं नाणं सहज जाईल एवढी.

म्हणजे गेली कित्येक वर्षं आम्ही २६०० च्या ऐवजी २५४० वर उड्डाण घेत होतो आणि खापर टॅकोवर फोडत होतो. मागे कधीतरी कुणीतरी टोकाचा जोड बसवताना दोन आटे इकडेतिकडे केले असावेत. कुणी, ते आता कळायला मार्ग नाही.

डॅलसचा_दादा

बाप रे. उन्हाळ्यात चौघं बसून, टाकी भरून, आखूड पट्टीवरून?

उडता_सातारकर

दोनदा.

बाळबोध

पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत). माझा विमानाशी संबंध नाही, पण चहा टाकून बसलोय.

उडता_सातारकर

केबल आली, बसवली. दीड दिवस गेला. ज्यांना पुढे करायचंय त्यांच्यासाठी सविस्तर लिहितो.

जुनी काढणं सोपं. गव्हर्नरच्या दांडीला बोल्ट, त्यावर किल्ल्याच्या बुरजासारखा खाचांचा नट, नटातून कॉटर पिन (नट सुटू नये म्हणून टोकं वाकवलेली दुहेरी तार). पिन सरळ करून ओढली, नट काढला, बोल्टबरोबर एक मोठा रुंद वॉशर निघाला. मी तो बाजूला टाकणार होतो, मेकॅनिकने हात धरला. जोडातला गोळा उद्या झिजून निसटला, तरी त्या वॉशरमुळे केबल दांडीवरून गळून पडत नाही. तो विसरायचा नाही. मग वाटेवरचे क्लॅम्प सोडवले (दोघांचे रबर वाळके होते, तेही बदलले), इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पोलादी भिंतीतला सीलंट खरवडला, पॅनेलमागचा मोठा नट सोडला आणि केबल केबिनमध्ये ओढून घेतली.

बसवणं म्हणजे दशावतार. मी पायलटची सीट मागे ढकलून, पाय सीटच्या पाठीवर, डोकं रडर पेडलांमध्ये, तोंडात टॉर्च, असा उताणा. नवी केबल पॅनेलच्या भोकातून समोरून घातली, मागून ओढली, भिंतीतून पुढे दिली, बाहेर मेकॅनिकने पकडली, क्लॅम्पमध्ये बसवली. सगळं झालं. मग तो म्हणाला, "आता नट आवळ." नट माझ्या शर्टाच्या खिशात होता.

ज्यांना कळलं नाही त्यांच्यासाठी: पॅनेलमागचा नट आणि त्याचा लॉक वॉशर केबलवर ओवावा लागतो, तो केबल भिंतीतून जाण्याआधी. नंतर कुठूनही घालता येत नाही. सगळं परत बाहेर. दुसऱ्यांदा घालताना नट ओवला आणि वॉशर हातातून निसटून पॅनेलमागे कुठेतरी गेला. टण् असा आवाज आला आणि मग शांतता.

भिंगरी

सापडला ना? सापडेपर्यंत काऊलिंग बंद करायचं नाही. आमच्याकडे पानेसुद्धा फळ्यावर प्रत्येकाच्या आकृतीत टांगलेले असायचे. संध्याकाळी एक आकृती रिकामी दिसली की विमान उडत नसे.

उडता_सातारकर

सापडला काका. पाऊण तासाने, चुंबकाच्या काठीने, डाव्या रडर पेडलच्या नळीमागे. तिथे एक जुनं पेनाचं टोपण आणि १९७४ सालचं एक सेंटही सापडलं.

जुळवणी अशी केली: गव्हर्नरची दांडी थांब्याला टेकलेली, आणि त्याच वेळी मूठ पॅनेलपासून साधारण आठवा भाग इंच बाहेर. मॅन्युअलमध्ये पाहून तेवढी फट ठेवायची. ती का, हे मला आधी कळत नव्हतं. मूठ आधी पॅनेलला टेकली तर दांडी अर्धवट राहते, आमचं तेच झालं होतं. दांडी आधी टेकली आणि मूठ जरा बाहेर राहिली, तर पूर्ण फेरे मिळाल्याची खात्री. टोकाचा जोड केबलच्या दोऱ्यावर फिरवून हे साधतं. जोड पुरेसा आत गेलाय का हे बघायचं त्याचं छोटं तपासणी भोक असतं, त्यातून दोरा दिसला पाहिजे आणि बारीक तार आत जाता कामा नये. थांब्याच्या स्क्रूला आम्ही हात लावला नाही. तो मोह टाळा, तो गव्हर्नरच्या दुकानाचा विषय आहे.

नवी कॉटर पिन, नवा सीलंट, नंतर दोघांनी आळीपाळीने सगळं पाहिलं.

रेंचवाली

वा. रन-अप, म्हणजे उड्डाणाआधीची जमिनीवरची इंजिन तपासणी?

उडता_सातारकर

१७०० ला तीन वेळा मूठ बाहेर-आत केली. पहिल्यांदा काटा रेंगाळला, कारण पंख्याच्या डोक्यातलं तेल थंड, बाहेर उणे चार. तिसऱ्या वेळी चटकन उतरला.

उड्डाणात काटा २६०० वर जाऊन थांबला. मी या विमानात तो तिथे कधीच पाहिला नव्हता. हात आपसूक मूठ मागे घ्यायला निघाला होता. वर २३०० लावलं, नेलपॉलिशची रेघ मारली. पन्नास मिनिटं. रेघ तिथेच, काटा तिथेच. लॉगबुकात मेकॅनिकने काम, तारीख, सही, परवाना क्रमांक लिहिला.

शंकेखोर

आणि भिंगरी काकांचा तर्क?

उडता_सातारकर

तेच लिहायला आलोय. जुनी मूठ भंगारातच जाणार होती, म्हणून व्हाइसमध्ये धरून हॅकसॉने उभी चिरली. रॉकेलने धुतल्यावर आतून काळा चिकट लगदा निघाला, स्प्रेचा प्रसाद. धुऊन उजेडात धरली. दोरे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धारदार आहेत. बोट फिरवलं तर खरखर लागतात. फक्त एका जागी, करंगळीच्या नखाएवढ्या पट्ट्यात, दोरे आरशासारखे चकचकीत आणि गोल झालेत. बोट तिथून घसरतं.

मोजपट्टी लावली. मूठ २३०० वर असताना पकड जिथे बसते, बरोबर तीच जागा.

फोटो टाकतोय. उजेड जरा डावीकडून आहे, पण पट्टा दिसतो.

भिंगरी

दिसला. तो तुकडा टाकू नका, निरोपांना उत्तर न देणाऱ्या भागीदाराच्या टेबलावर ठेवा.

उडता_सातारकर

कालच ठेवला. आज त्याचं पहिलं उत्तर आलं: "हे काय आहे?"